खांबावरचा कागद

इंग्लंडमधल्या निवासी गल्लीतून चालताना कधीकधी दिव्याच्या खांबाला बांधलेला एक कागद दिसतो. पावसापासून वाचावा म्हणून तो प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला असतो. वर स्थानिक कौन्सिलचं नाव, खाली एका घराचा पत्ता, अर्जाचा क्रमांक आणि एक ओळ: कुटुंबाच्या राहत्या घराचा सात जणांच्या सामायिक घरात बदल. हरकती कुठल्या तारखेपर्यंत पाठवायच्या, तेही लिहिलेलं असतं. साधारण २१ दिवसांची मुदत असते. पुण्याहून किंवा नागपुराहून शिकायला गेलेली मुलगी भाड्याची खोली शोधत त्याच गल्लीतून जाते, पण त्या कागदाशी आपला काही संबंध असेल असं तिच्या मनातही येत नाही. तिला पुढच्या वर्षी मिळणारी किंवा न मिळणारी खोली त्याच कागदावर ठरत असते.

शहरापासून पंधरा-वीस मैलांवर, शेताच्या फाटकाला तसाच आणखी एक कागद लावलेला असतो. तिथला अर्ज गोदामाचा असतो. या प्रकरणात हे दोन कागद आपण शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहोत. कौन्सिल ते तसे वाचत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

आधी मुळाशी जाऊ. ब्रिटनमध्ये १९४७ साली अ‍ॅटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारनं 'टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग अ‍ॅक्ट' केला आणि १ जुलै १९४८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. जमिनीची मालकी ज्याची त्याच्याकडेच राहिली, पण तिच्यावर नवं काही करण्याचा हक्क त्या दिवसापासून समाजाकडे गेला. तो वापरायचा तर परवानगी मागावी लागते. शिवाय परवानगी फक्त बांधकामाला लागते असंही नाही. एकही वीट न हलवता जागेचा वापर बदलला, तरी कायद्याच्या दृष्टीनं तो 'विकास'च. म्हणून भिंती, दारं, छप्पर सगळं तसंच ठेवून घरात कुटुंबाऐवजी सात अनोळखी माणसं ठेवायची, तरी कौन्सिलकडे जावं लागतं.

वापर मोजायचे कसे, याचं कोष्टक १९८७ च्या आदेशात आहे. प्रत्येक वापराला एक वर्ग आणि त्याचं अक्षर. कुटुंबाचं घर 'सी थ्री'. साठवण आणि वितरण, म्हणजे गोदाम, 'बी एट'. एकमेकांशी नातं नसलेली तीन ते सहा माणसं स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून घेत राहत असतील तर 'सी फोर'. हा वर्ग एप्रिल २०१० मध्ये जन्माला आला. सहापेक्षा जास्त माणसं झाली की घर कुठल्याच वर्गात बसत नाही. त्याला लॅटिनमध्ये 'सुई जेनेरिस' म्हणतात, आपल्या जातीचं एकटंच. या साऱ्या सामायिक घरांना तिकडं सरसकट 'एचएमओ' म्हणतात, 'हाऊस इन मल्टिपल ऑक्युपेशन'.

'सी फोर'चा इतिहास सहा महिन्यांत उलटला. एप्रिल २०१० मध्ये मजूर सरकारनं ठरवलं की 'सी थ्री'तून 'सी फोर'मध्ये जायला परवानगी लागेल. मे महिन्यात सरकार बदललं, आणि ऑक्टोबरपासून तोच बदल देशभर आपोआप मान्य ठरला. नको असेल त्या कौन्सिलनं आपल्या हद्दीत ही सूट काढून घ्यावी, असं सांगण्यात आलं. सूट काढून घेण्याच्या आदेशाचं नाव 'आर्टिकल फोर डिरेक्शन'. तो ताबडतोब लागू केला तर घरमालकांना नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणून बहुतेक कौन्सिलं वर्षभर आधी जाहीर करतात आणि मग लागू करतात. मँचेस्टरनं २०११ मध्ये हे केलं, पाठोपाठ २०१२ मध्ये लीड्स, नॉटिंगहॅम आणि ऑक्सफर्डनं. बर्मिंगहॅमनं आधी सेली ओक आणि आसपासच्या विद्यापीठ परिसरापुरता आदेश काढला आणि ८ जून २०२० पासून तो संपूर्ण शहराला लावला.

लोकांना एवढी चिंता कशाची होती, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण तिला केवळ परक्यांबद्दलचा दुजाभाव म्हणून झटकून टाकता येत नाही. लीड्सचं हेडिंग्ली, बर्मिंगहॅमचं सेली ओक, नॉटिंगहॅमचं लेंटन. विटांच्या जोडघरांच्या या गल्ल्यांमध्ये एकेकाळी कामगार आणि कारकुनांची कुटुंबं राहत. विद्यापीठांतली विद्यार्थीसंख्या वाढली, वसतिगृहं पुरेनात, तेव्हा ही घरं एकामागून एक भाड्यानं जाऊ लागली. चार खोल्यांचं घर एका कुटुंबाला दिल्यावर जेवढं भाडं येतं, त्याहून बरंच जास्त भाडं चार किंवा पाच विद्यार्थ्यांकडून मिळतं. म्हणून घर विकायला निघालं की कुटुंबापेक्षा गुंतवणूकदाराची बोली वरचढ ठरते. पोरं कमी झाली की शाळेचे वर्ग रिकामे होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्ली ओस पडते आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला तीन महिने गिऱ्हाईक मिळत नाही. डॅरेन स्मिथ या भूगोलाच्या अभ्यासकानं या प्रक्रियेला 'स्टुडंटिफिकेशन' असं नाव दिलं. ते नाव रूढ झालं, कारण त्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना आपल्याबाबतीत काय घडलं ते पहिल्यांदाच एका शब्दात सांगता आलं.

या चिंतेला नियमाचं रूप देताना बर्मिंगहॅमनं आकडा धरला. अर्जातल्या घराभोवती १०० मीटरचं वर्तुळ काढायचं. त्यातल्या घरांपैकी सामायिक घरांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर जात असेल, तर परवानगी मिळणं कठीण. कुटुंबाचं एखादं घर दोन सामायिक घरांच्या मधोमध चेंगरून राहू नये आणि एका ओळीत तीन सामायिक घरं सलग होऊ नयेत, असंही धोरणात आहे. ही दुसरी कलमं मला पहिलीपेक्षा जास्त माणसाळलेली वाटतात. टक्केवारी नकाशावर मोजली जाते, पण दोन्ही भिंतींपलीकडून रात्री दोन वाजता जिन्यावर वाजणारी पावलं एकाच कुटुंबाला ऐकू येतात.

हरकतीचं पत्र लिहायला बसलेल्या शेजाऱ्याला मात्र लवकरच कळतं की मनातलं सगळं पत्रात चालत नाही. आपल्या घराची किंमत घसरेल, हे कारण धरलं जात नाही. खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, हेही नाही. दृश्यावर कुणाचा हक्क नसतो हा विचार फार जुना आहे. १६१० सालच्या अल्ड्रेडच्या खटल्यात शेजाऱ्यानं बांधलेल्या डुकरांच्या खुराड्याच्या दुर्गंधीबद्दल दाद मिळाली, पण न्यायाधीशांनी त्याच वेळी सांगितलं की सुंदर दृश्य ही आनंदाची गोष्ट आहे, गरजेची नव्हे, आणि तिच्यासाठी कायदा धावून येत नाही. येणारे भाडेकरू कुठल्या देशाचे, कुठल्या कामाचे, हे तर पत्रात मुळीच चालत नाही, आणि ते योग्यच आहे. नियोजनाचा कायदा जमिनीच्या वापराकडे पाहतो; त्या जमिनीवर कोण राहणार, हा त्याचा विषय नाही. चालतं ते असं: प्रकाश अडणं, खिडकीतून घरात डोकावता येणं, पार्किंगची अडचण, गोंगाट, कचऱ्याच्या डब्यांना जागा नसणं, सायकली ठेवायला सोय नसणं. म्हणूनच सामायिक घराच्या अर्जावरची चर्चा ऐकली तर ती बहुतेक वेळ डब्यांभोवती फिरते. परक्याला ती क्षुल्लक वाटेल. पण सात माणसांचा आठवड्याचा कचरा कुटुंबापुरत्या केलेल्या अंगणात मावत नाही, ही खरोखरची अडचण आहे.

आणखी एक घोटाळा बराच होतो. परवानगी वेगळी आणि परवाना वेगळा. पाच किंवा जास्त माणसं, एकाहून अधिक कुटुंबांतली, सामायिक सोयी वापरत राहत असतील तर घरमालकाला २००४ च्या हाऊसिंग अ‍ॅक्टखाली परवाना घ्यावा लागतो. आधी ही सक्ती तीन किंवा अधिक मजल्यांच्या घरांनाच होती. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. त्याच वेळी झोपायच्या खोलीचं किमान माप ठरलं: एका प्रौढासाठी ६.५१ चौरस मीटर, दोघांसाठी १०.२२. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ६.५१ चौरस मीटर म्हणजे साधारण सत्तर चौरस फूट. परवाना असलेल्या घरात त्याहून लहान खोली प्रौढाला झोपण्यासाठी देता येत नाही. नियोजन परवानगी असली म्हणजे परवाना असतोच असं नाही, आणि उलटही नाही. कौन्सिलमध्ये हे दोन वेगळे विभाग, दोन वेगळी टेबलं.

आता दुसरा कागद, शेताच्या फाटकावरचा.

इंग्लंडच्या पोटात, लेस्टरशायर, नॉर्थॅम्प्टनशायर आणि वॉरिकशायर या परगण्यांत, एम वन, एम सिक्स आणि एम सिक्स्टी नाइन हे महामार्ग जिथं एकमेकांना भेटतात, त्या प्रदेशाला मालवाहतुकीच्या धंद्यात 'सुवर्ण त्रिकोण' म्हणतात. त्यामागचं कारण ट्रकचालकाच्या घड्याळात आहे. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घेणं त्याला बंधनकारक असतं. या त्रिकोणातून निघालेला ट्रक त्या एका टप्प्यात ब्रिटनच्या बहुतांश लोकसंख्येपर्यंत पोहोचतो, असा इथल्या व्यावसायिकांचा हिशोब. लटरवर्थजवळ बिट्सवेलचा जुना विमानतळ होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथं मॅग्ना पार्क उभं राहू लागलं आणि देशातल्या सर्वांत मोठ्या गोदाम वसाहतींपैकी एक झालं. डॅव्हेंट्रीजवळ १९९७ मध्ये रेल्वेला जोडलेलं मालकेंद्र सुरू झालं. ऑनलाइन खरेदी वाढली तशी नवी गोदामं आणखी लांब, आणखी उंच होत गेली. पंधरा-वीस मीटर म्हणजे पाच-सहा मजल्यांची उंची, आणि आत मजला मात्र एकच.

सामायिक घराचा अर्ज काही पानांचा असतो. अशा गोदामाचा अर्ज हजारावर पानांचा. वाहतुकीचा अंदाज, आवाजाची मोजणी, वटवाघळं आणि पाणसरडे यांचं सर्वेक्षण, पुराचा अभ्यास, दुरून इमारत कशी दिसेल याची छायाचित्रं. मोठ्या अर्जाला १३ आठवडे, पर्यावरण अहवाल लागत असेल तर १६, अशी कायद्यातली मुदत. लहान अर्जाला ८. मोठ्या अर्जांत ती मुदत पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या संमतीनं वाढवली जाते.

या अर्जांमधल्या तडजोडींचा तपशील वाचताना मला नेहमी गुंतून जायला होतं. इमारत लपवता येत नाही, म्हणून पत्र्यांना खालून वर फिकट होत जाणाऱ्या पट्ट्यांचा रंग देतात: तळाशी गडद हिरवा किंवा राखाडी, वर आभाळाचा. ढगाळ दिवशी छपराची कडा आभाळात विरघळते. गावाच्या बाजूला मातीचा उंच बांध घालून त्यावर झाडं लावतात. लोडिंगची दारं गावाकडे पाठ करून ठेवतात. ट्रक मागे घेताना वाजणारी 'बीप-बीप' रात्री फार दूर जाते. तिच्याऐवजी फुसफुसल्यासारखा, जवळच विरणारा आवाज करणारं यंत्र बसवण्याची अट घालता येते. छपरावरचं पावसाचं पाणी एकदम ओढ्यात जाऊ नये म्हणून तळी खोदतात. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या अर्जांना जैवविविधतेत १० टक्के भर दाखवणंही सक्तीचं आहे. रस्त्यांची दुरुस्ती, बससेवा, ट्रकांनी कुठल्या गावातून जायचं नाही याचा करार, हे सारं १९९० च्या कायद्याच्या कलम १०६ खाली लेखी बांधून घेतलं जातं.

तरीही गावकऱ्यांच्या तोंडी असतात ते ट्रक. इथं त्यांची निराशा होते. राष्ट्रीय धोरण सांगतं की रस्त्यांच्या कारणावरून परवानगी नाकारायची तर सुरक्षिततेवरचा परिणाम अस्वीकार्य असायला हवा, किंवा सगळे उपाय करूनही वाहतुकीवरचा एकूण ताण 'तीव्र' असायला हवा. गैरसोय होईल, कोंडी वाढेल, एवढं पुरत नाही. महामार्ग खात्यानं 'आमची हरकत नाही' असं एकदा लिहून दिलं की समितीतल्या कौन्सिलरांना त्या मुद्द्यावर उभं राहणं जड जातं, मग सभागृहात कितीही माणसं जमलेली असोत.

ही समिती म्हणजे निवडून आलेले दहा-पंधरा कौन्सिलर. बहुतेक अर्ज त्यांच्यापर्यंत येतच नाहीत; दहातल्या नवाहून अधिक निर्णय अधिकारीच आपल्या अधिकारात देतात. वादाचे, मोठे, किंवा एखाद्या कौन्सिलरनं मुद्दाम मागवून घेतलेले अर्ज समितीपुढे येतात. अधिकारी अहवाल वाचतो, हरकतदाराला बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं, अर्जदाराला तीन मिनिटं, मग चर्चा आणि मतदान. आधीपासून मत ठरवून आलेला कौन्सिलर निर्णय धोक्यात आणू शकतो. पूर्वी काही मत व्यक्त केलं म्हणून मन बंद आहे असं धरायचं नाही, हे २०११ च्या लोकलिझम अ‍ॅक्टनं स्पष्ट केलं आहे. पण सभेत सगळं ऐकून घेतल्यावरच हात वर करायचा, ही अपेक्षा कायम आहे.

समजा, एकाच संध्याकाळी गोदाम मंजूर होतं आणि सामायिक घर नाकारलं जातं. दोन्ही निर्णय धोरणाला धरून. गोदामाच्या अहवालात 'शेकडो नोकऱ्या' हा मुद्दा त्याच्या बाजूनं मोजलेला असतो. सामायिक घराच्या अहवालात १०० मीटरच्या वर्तुळातली टक्केवारी त्याच्या विरुद्ध. पण त्या शेकडो नोकऱ्यांतली बरीच कामं पाळ्यांची असतात, पुष्कळशी एजन्सीमार्फत दिलेली. पहाटे सहाच्या पाळीवर येणाऱ्या कामगाराला, मग तो पोलंडचा असो, रुमानियाचा असो की गुजरातचा, त्या पगारात आख्खं घर परवडत नाही. त्याला लागते खोली. ती खोली ज्या घरात असते, त्याच घराचा अर्ज आता नाकारला गेला. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर तपासायचा, हे तत्त्व न्याय्य आहे. पण त्यामुळेच या दोन फायलींची गाठ पडत नाही. आणि त्या २१ दिवसांत हरकत किंवा पाठिंबा कळवायला तो कामगार नसतो, कारण तो अजून तिथं राहायला आलेलाच नसतो. खांबावरचा कागद तिथं आधीपासून राहणाऱ्यांशीच बोलतो.

गाठ पडायची जागा एकच, स्थानिक आराखडा. २००४ च्या कायद्यानुसार निर्णय आराखड्याला धरून व्हायला हवेत, वेगळं वळण घ्यायचं तर तसं भक्कम कारण लागतं. लेस्टर शहराचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. २०२१ च्या जनगणनेत शहरातल्या ३४ टक्के लोकांनी स्वतःला भारतीय वंशाचं नोंदवलं. शहराची हद्द भरलेली. २०३६ पर्यंत लागणाऱ्या घरांपैकी सुमारे १८,७०० घरं हद्दीत बसत नाहीत, हे मान्य करून २०२२ मध्ये ती शेजारच्या कौन्सिलांत वाटण्याचा मसुदा ठरला. मोठ्या गोदामांना किती जमीन लागेल याचाही संपूर्ण परगण्यासाठी एकत्र अभ्यास झाला. गोदामं परगण्यात आणि कामगार शहरात, हे कागदावर तरी एकत्र पाहिलं गेलं. ज्या खोलीत कामगार खरोखर झोपतो, ती मात्र १८,७०० च्या हिशोबात दिसत नाही. तिचा निकाल पुन्हा एकेका अर्जावर लागतो.

हा सारा वारसा आपल्यालाही ओळखीचा आहे. ब्रिटनच्या १९०९ च्या नगररचना कायद्याच्या पाठोपाठ मुंबई इलाख्यात १९१५ चा बॉम्बे टाऊन प्लॅनिंग अ‍ॅक्ट आला आणि त्याच वंशात १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. पण वाट फुटली ती इथं: आपल्याकडे हरकती-सूचना मागवल्या जातात त्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर. आराखडा आणि बांधकाम नियमावली एकदा ठरली की पुढची परवानगी नियमात बसतं की नाही, एवढंच पाहून अधिकारी देतो. शेजाऱ्याला पत्र जात नाही, खांबावर कागद लागत नाही. भिवंडीच्या आसपासच्या गावांत गोदामं उगवत गेली तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याला त्या एका गोदामाबद्दल बोलायची तीन मिनिटं कधीच मिळाली नाहीत. इंग्लंडच्या पद्धतीतले सगळे दोष पाहूनही, ही एक गोष्ट आपण घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

निर्णयानंतर काय? नकार मिळालेला अर्जदार अपील करू शकतो. ते ब्रिस्टलमधल्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे जातं. तिथून नेमलेला निरीक्षक जागेवर येऊन गल्ली पाहतो आणि सगळं पुन्हा तोलतो. कौन्सिलनं पुराव्याशिवाय नकार दिला असेल तर अर्जदाराचा खर्चही तिच्यावर पडू शकतो, आणि ही भीती समितीच्या प्रत्येक मतदानावर असते. हरकतदाराला अपील नाही. त्याला फक्त सहा आठवड्यांत उच्च न्यायालयात जाता येतं, तेही निर्णयात कायद्याची चूक झाली असेल तरच. आणि प्रकल्प फार मोठा, रेल्वेला जोडलेला, ६० हेक्टरच्या वरचा असेल तर २००८ च्या कायद्याप्रमाणे तो कौन्सिलच्या हातात राहतच नाही. निर्णय मंत्री करतात. लेस्टरशायरमधल्या हिंकलीजवळचा असा प्रकल्प २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी नाकारला. जवळच्या गावातल्या रस्त्याची सुरक्षितता हे त्यातलं एक मोठं कारण होतं. म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट कधीकधी लंडनपर्यंत पोहोचते.

मंजुरी मिळाली तरी ती अटींसह असते, आणि अट गरजेची, नेमकी, वाजवी आणि अंमलात आणता येण्याजोगी असावी लागते. 'सातपेक्षा जास्त रहिवासी नकोत' ही अट चालते, 'शांत रहिवासी हवेत' ही चालत नाही. पण सात मोजायला कौन्सिलचा माणूस रोज येत नाही. तक्रार आली की कौन्सिल तक्रारदाराला सांगते: एक वही ठेवा, तारीख लिहा, वेळ लिहा, काय पाहिलं ते लिहा. म्हणून त्रिकोणातल्या एखाद्या खेड्यात, खिडकीपाशी बसून कुणीतरी रात्री अकरा चाळीसला बंदी असलेल्या रस्त्यानं गेलेल्या ट्रकचा नंबर टिपत असतं. अटीचा भंग सलग दहा वर्षं होत राहिला आणि कौन्सिलनं त्या मुदतीत कारवाई केली नाही, तर कायद्याच्या लेखी तो भंग उरत नाही, अधिकृत वापर होतो.